नव्वद दिवसांचं कलम

"चार वाजेपर्यंत थांबतो मी," रॉस म्हणाला. "त्यानंतर मशीन आणावंच लागेल, मॅडम. उद्या दहाला प्रार्थना. खड्डाच नसेल तर पेटी ठेवायची कुठे?"

"माणसं येतील," मी म्हटलं.

रॉसने टेकडीखाली पाहिलं. मीही पाहिलं. दफनभूमीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर चाळीसेक माणसं फावडी घेऊन पाट उपसत होती. मार्चचा दुसरा आठवडा. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी सुटायच्या आत पाटातला वर्षभराचा गाळ आणि वाळुंजाच्या मुळ्या काढाव्या लागतात, आणि ज्याचं शेत पाटावर आहे त्या प्रत्येक घरातून एक माणूस यावाच लागतो. आमच्या खोऱ्यात आणखी एक रिवाज आहे, तोही तितकाच जुना. मेलेल्या माणसाची कबर शेजारी खणतात, हाताने. मजुरी देऊन कुणी खणून घेत नाही. पाट उपसण्याच्या दिवसांत कुणी गेलं तर खालचं काम थांबतं आणि तीच फावडी घेऊन माणसं वर येतात.

काम थांबलं नव्हतं. माझे वडील परवा पहाटे गेले. काल दिवसभर फावडी चालली आणि आज सकाळपासून पुन्हा चालू होती.

"जज्जसाहेबांना तर सगळा जिल्हा ओळखायचा," रॉस म्हणाला. तो तीस मैलांवरच्या शहरातला, अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "चौदा वर्षं आमदार, सतरा वर्षं न्यायाधीश. मला वाटलं होतं इथे रांग लागेल."

विस्तवात आणखी एक ओंडका सरकवला. टेकडीच्या या अंगाला ऊन उशिरा येतं, मार्चमध्येही जमीन हातभर खोल गोठलेली असते. म्हणून खणायच्या आधी आखलेल्या चौकोनावर जाळ करतात. जाळ बाईने केला तरी चालतो. खणणं पुरुषांचं.

बाबा आमदार झाले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आधी ते गावातल्या शाळेत गणित शिकवत, कायद्याची पदवी त्यांनी पुढे आमदारकीतच घेतली. आमच्या राज्यात अधिवेशन महिना-दोन महिन्यांचं. उरलेलं वर्ष ते शेतात असत, आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात. मागचं दार सताड उघडं. लोक येत, टेबलाशी बसत, आई कॉफी ओतत राही. कुणाचा रस्ता वाहून गेलेला, कुणाचं पेन्शन अडकलेलं, कुणाचा भाचा तुरुंगात. बाबा काही लिहून घेत नसत. डोळे मिटून ऐकत आणि शेवटी दोन बोटं टेबलावर आपटून म्हणत, "सांगितलंस ना मला? मग झालं समज."

बहुतेक वेळा खरंच होई. त्यामुळे खोऱ्यातल्या माणसाला अर्ज आणि पोचपावती या गोष्टींची सवयच लागली नाही. सरकारला कळवायचं म्हणजे डेल्फिनो मोंड्रागोनच्या टेबलाशी जाऊन बसायचं, एवढंच सगळं खोरं शिकलं.

अकराच्या सुमारास एक लांबलचक गाडी फाटकाशी थांबली आणि काळ्या कोटातला फर्मिन काठी टेकत वर आला. ऐंशीचा असेल. बाबांच्या शेजारच्या मतदारसंघाचा जुना आमदार. त्याने मला छातीशी धरलं, खिशातून एक कागद काढला.

"शोकप्रस्ताव. सभागृहात सोमवारी वाचणार. घड्याळाची गोष्ट घातलीय बरं का मी. तिच्याशिवाय डेल्फिनो कसला?" मग रॉसकडे वळून, "तुला माहीत नाही? अरे काय रे, कुठला तू!"

"शहरातला," रॉस म्हणाला.

"सत्त्याहत्तर साल. अधिवेशनाचा शेवटचा दिवस. दुपारी बाराला सभागृह संपतं, मग खुद्द पोप आला तरी मतदान होत नाही. आणि डेल्फिनोचं इस्पितळाचं विधेयक अडकलेलं. बाराला चार मिनिटं कमी! याने काय करावं? दाराकडे बघून नुसती मान हलवली. दारावर कोण? कासिमिरो. याचाच माणूस, अधिवेशनापुरता दारवान म्हणून यानेच लावलेला. कासिमिरोने शिडी आणली, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा धरून ठेवला. चाळीस मिनिटं! एका हाताला मुंग्या आल्या की दुसऱ्या हाताने. सभापती वर बघतायत, अकरा छप्पन. पुन्हा बघतायत, अकरा छप्पन. आम्ही हसून हसून बाकाखाली पडायचे राहिलो. आणि विधेयक पास!"

रॉस हसला. मीही हसले असते, एके काळी. मी त्या दिवशी वरच्या गॅलरीत होते, सोळा वर्षांची. हात वर ताणल्यामुळे कासिमिरोचा सदरा पँटमधून निघून आला होता आणि त्याची पाठ दिसत होती. चाळीस मिनिटांत बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. तरी त्या दिवशी मला त्यांच्याइतका मोठा माणूस जगात दुसरा वाटला नाही. इस्पितळ व्हायच्या आधी बाळंतिणीला घाट ओलांडून न्यावं लागे. माझा धाकटा भाऊ त्या घाटात, बर्फात अडकलेल्या गाडीत जन्मला आणि तिथेच गेला.

"पण हे काय?" फर्मिनने आता विस्तवाकडे पाहिलं, मग खाली पाटाकडे. "खणणारे कुठेयत?"

"आले नाहीत अजून."

"चाळीस जण फावडी घेऊन खाली उभे, आणि वर एक नाही? डेल्फिनोसाठी?" त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "थांब तू. मी आयुष्यभर हेच केलंय."

तो काठी टेकत टेकडी उतरला. मी वरून पाहत होते. त्याने दोघातिघांशी हात मिळवले. टोपी काढली, हातवारे केले. फावडी थांबली. मग एक कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. फार मोठ्याने नाही. फावडी पुन्हा सुरू झाली.

फर्मिन वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय म्हणाले?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "म्हणाले, लेखी द्या."

रॉसला विनोद कळला नाही. फर्मिनला कळला होता. त्याने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली, "उद्या येतो, पोरी," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

एकोणनव्वदमध्ये गव्हर्नरांनी बाबांना जिल्हा न्यायाधीश नेमलं. राजधानीच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं, स्वयंपाकघरातून राज्य चालवणाऱ्या पुढाऱ्याला गव्हर्नरची बक्षिशी. बाबांनी ते कात्रण कापून कचेरीतल्या खणात ठेवलं. त्या आठवड्यात त्यांनी मागच्या दाराला आतून कडी घातली.

त्यानंतरचे बाबा मला जास्त आवडायचे, हे कबूल करायला हवं. ते लग्नांना जाईनासे झाले. दारात कुणी मिरच्यांचं पोतं ठेवून गेलं तर स्वतः गाडीत घालून परत नेऊन देत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. दुपारी कचेरीचं दार लावून घरून नेलेली, घेवडा भरलेली पोळीची गुंडाळी एकटे खात. "झगा चढवला आणि जीभ काढून ठेवली," आई म्हणायची. मी अल्बुकर्कीच्या ग्रंथालयात काम करते. त्यांचे निकाल मी मागवून वाचत असे. राज्यात इतकं स्वच्छ गद्य लिहिणारा न्यायाधीश नव्हता. त्यात एक विशेषण जास्तीचं सापडत नसे. आई गेली तेव्हाही त्यांनी दुसऱ्या दिवशी सुनावणी घेतली, आणि मी त्याला निष्ठा म्हटलं.

कासिमिरो माझा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्यामुळे तो आणि बाबा एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणत, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जड. त्याची बायको ओतिलिया माझी धर्ममाता. मी तिला 'निना' म्हणते. अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात कासिमिरोच्या छातीत कळ आली आणि तो बाबांच्या विधेयकातून उभ्या राहिलेल्या त्याच इस्पितळात वारला. तिसऱ्या आठवड्यात निना आमच्या मागच्या दाराशी आली. मी सुट्टीसाठी घरी होते. दुखवट्यात ती चर्चखेरीज कुठे जात नव्हती. बाबांनी स्वतः उठून कडी काढली.

ती नेहमीच्या खुर्चीवर बसली.

"सहा तास, कोम्पाद्रे," ती म्हणाली. "व्हरांड्यात, खुर्चीवर. त्याचे पाय गार पडले तेव्हा माझे मोजे काढून त्याला घातले मी. नर्स दोनदा शेजारून गेली. म्हणाली, नंबर येईल. नंबर आला तेव्हा तो खुर्चीतच वाकडा झाला होता."

बाबा डोळे मिटून ऐकत होते, पूर्वीसारखेच.

"मला काही नको त्यांच्याकडून. त्यांनी एकदा म्हणावं, कासिमिरो रेंडोनच्या बाबतीत आमचं चुकलं. नाव घेऊन म्हणावं. एवढं तर होईल ना?"

बाबांनी डोळे उघडले.

"सांगितलंय हं तुला," ती म्हणाली. "आता तू बघ."

त्यांची दोन बोटं हलली नाहीत. त्यांनी पंजा टेबलावर सपाट ठेवला, जसं काही टेबल वर येत होतं आणि ते दाबून धरायचं होतं.

"कॉफी घे, ओतिलिया," ते म्हणाले.

मी कप भरला. तिने तो कप म्हणजे होकारच समजला. तिने दुसरं काय समजावं?

मी तिला फाटकापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा बाबा कप विसळत होते.

"तिला वकील गाठायला सांगा," मी म्हटलं. "सरकारी इस्पितळावर दावा करायचा तर नव्वद दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते ना? तुमच्याच एका निकालात वाचलंय मी."

"न्यायाधीश सल्ला देत नाही."

"मग मी देते."

"तू या घरात राहून बोललीस तर तो शब्द माझाच होतो, एल्विरा."

"नुसतं इतकंच, की कागदावर—"

"नाही."

मी सदतीस वर्षांची होते. माणसाने कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं याविषयी लिहिलेली पुस्तकं मी रोज हाताळत होते. दुसऱ्या दिवशी मी अल्बुकर्कीला परत गेले. तिथे फोन होता. नव्वदपैकी एकोणसत्तर दिवस शिल्लक होते, आणि मी ते एकेक जाऊ दिले.

निनाने वाट पाहिली. सांगितलं होतं, म्हणजे होणार. शेवटी तिच्या मुलाला, अबेलला, कामावरच्या कुणीतरी कायदा सांगितला. वकिलाची नोटीस एकशे बाराव्या दिवशी गेली. वर्षभराने दावा उभा राहिला तो बाबांच्याच न्यायालयात. तीन परगण्यांना मिळून तेवढा एकच न्यायाधीश.

मी रजा काढून गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. बाबांनी दोन्ही वकिलांना विचारलं, "मृत व्यक्ती माझा मित्र होता. हा खटला मी चालवण्याला कुणाची हरकत?" निनाचा वकील तरुण होता, त्याला हसू आवरेना. कासिमिरोच्या विधवेला डेल्फिनोसारखा न्यायाधीश कुठे मिळणार? इस्पितळाचा वकील मुरलेला होता. तोही लगेच म्हणाला, हरकत नाही. ज्याला आपण पुढारी उरलो नाही हे दाखवायचं आहे, तो माणूस त्याने बरोबर ओळखला होता.

स्वयंपाकघरातल्या सकाळीबद्दल बाबा काही बोलले नाहीत.

"लेखी सूचना उशिरा गेली, मान्य," निनाचा वकील म्हणाला. "पण माझ्या अशिलाने मुदतीत एका जबाबदार व्यक्तीला तोंडी कळवलं होतं."

"कोणाला?" इस्पितळाच्या वकिलाने विचारलं.

बाबा समोरचे कागद पाहत होते. वकील वाकून निनाशी कुजबुजला. ती मागे वळली, सबंध खोलीवरून तिची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. मग तिने वकिलाकडे पाहून मान हलवली. नाही.

"माझी अशील नाव सांगू इच्छित नाही."

"तशी नोंद घ्या," बाबा म्हणाले.

मला वाटलं, ती त्यांना घाबरली. आणि मला हायसं वाटलं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

निकाल चार पानांचा. कलम स्पष्ट आहे, नव्वद दिवसांत लेखी सूचना; दावा फेटाळला. राजधानीच्या त्याच वर्तमानपत्राने अग्रलेख लिहिला, मैत्रीपेक्षा कायदा मोठा मानणारा न्यायाधीश. त्या नोव्हेंबरात त्यांना पदावर ठेवावं की नाही याचं मतदान होतं. बाकीच्या दोन परगण्यांनी त्यांना भरभरून ठेवलं. आमच्या खोऱ्याने नाही म्हटलं. इथे त्यांचं नाव 'नव्वद' पडलं. दुकानात ते शिरले की कुणीतरी गल्ल्यावरच्या बाईला विचारी, "हे दूध नासकं निघालं तर नव्वद दिवसांत लेखी कळवायचं का गं?" बाबा रांगेत उभे राहून आपलं सामान घेत.

त्या हिवाळ्यात मी ग्रंथालयात सत्त्याहत्तरचं सभागृहाचं कामकाज काढून पाहिलं. मूळ विधेयकात नव्वद दिवसांचं कलम नव्हतं. विमा कंपन्यांच्या बाजूच्या आमदारांची ती अट होती. ती मान्य केल्याशिवाय ते मत देणार नव्हते. दुरुस्ती मांडणाऱ्याचं नाव: मोंड्रागोन. वेळ: अकरा छप्पन. कासिमिरो शिडीवर उभा होता तेव्हा.

मी त्या पानाची प्रत बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"त्याशिवाय विधेयक गेलं नसतं," ते म्हणाले.

"हे निकालात लिहिलं नाहीत तुम्ही."

"गरज नव्हती. निकाल कायद्यावर द्यायचा असतो. कायदा बरोबर लावला की नाही?"

"बरोबर लावला."

"मग?"

पुढच्या अकरा वर्षांत आम्ही या विषयावर इतकंच बोललो. मी दर आठवड्याला यायचे, रस्सा करून ठेवायचे, त्यांच्यासमोर बसून जेवायचे. निवृत्त झाल्यावर एका शनिवारी मी आले तर मागचं दार सताड उघडं. टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या मांडलेल्या, आणि चुलीवर आईचं मोठं भांडं, बारा जणांच्या कॉफीचं. ते धुतलेला सदरा घालून बसले होते. दुपारपर्यंत बसले. मग कॉफी मोरीत ओतली. पुढच्या शनिवारीही दार उघडं होतं. पाच वर्षं उघडं होतं. कुणी आलं नाही.

बाराला खाली फावडी थांबली. माणसं पाटाच्या काठावर डबे उघडून बसली. मी मनात म्हणत होते, आता. जेवायच्या सुट्टीत तरी. रॉस घड्याळ पाहून फोन करायला गाडीकडे गेला.

तेव्हा एक जुनी पिकअप गाडी खालून वर आली आणि फाटकाशी उभी राहिली. अबेल उतरला. पन्नाशीचा, बापासारखाच लांब हातांचा. यंदा तो पाटकरी. कुणी किती हात पाट उपसायचा आणि काम कधी थांबायचं, हे तोच ठरवतो. काल त्याने काम थांबवलं नव्हतं. त्याने मागून कुदळ आणि दोन फावडी काढली. आत, पुढच्या सीटवर, निना बसली होती. ती उतरली नाही.

अबेलने माझ्याशी हात मिळवला नाही. बुटाने निखारे बाजूला ढकलले, उकिडवं बसून जमिनीला बोट लावून पाहिलं.

"बरा जाळ केलायस," तो म्हणाला.

"बाकीचे येतायत का?"

"नाही. मी म्हटलं असतं तर आले असते. पाटकऱ्याचं ऐकावंच लागतं. पण हे हुकमाचं काम नाही."

"मग तू का आलास?"

त्याने कुदळ हाणली. वरचा थर ओला होता, खालचा खणकन वाजला. "डबा घेऊन आली म्हातारी. म्हणे, ऊठ, जा वर. मी म्हटलं, माझ्या बापाला त्याने काय दिलं? मी नाही जात. म्हणे, नको जाऊस. आणि फावडं उचलून गाडीत जाऊन बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. काय करू, लोकांसमोर तमाशा?"

मी गाडीकडे गेले. निनाने काच अर्धी खाली केली. काळा रुमाल, मांडीवर दुमडलेले हात. गेल्या अकरा वर्षांत मी तिला रस्त्यावरून शंभरदा पाहिलं असेल, इतक्या जवळून एकदाही नाही.

"निना, खाली ये. विस्तव आहे."

"नाही. त्याच्या कबरीशी मी उभी राहणार नाही. पण खणली जाईल ती हाताने. यंत्राने पाइप पुरतात."

मी काचेच्या कडेवर हात ठेवला. जे बोलायचं होतं ते मी इतक्या वेळा मनात जुळवलं होतं की त्याची वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही तोंडी आलं नाही.

"त्या दिवशी मी होते स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

"होतीस की. कॉफी तूच ओतलीस."

"तुला फाटकापर्यंत सोडायला आले होते मी. तेव्हा सांगू शकले असते. लिहून दे म्हणून. एवढंच सांगायचं होतं."

"हं."

"आणि कोर्टात… तू बाबांना सांगितलंस ते ऐकणारी मी एकटी होते. तू नाव घेतलं असतंस तर बाबांना खटला सोडावा लागला असता. मला साक्षीला बोलावलं असतं."

"तेच म्हणत होता तो वकील पोरगा," निना म्हणाली. "कानात सारखा, खोलीत आणखी कोण होतं? नाव सांग, आपण जिंकतो. मी मागे वळून बघितलं. तू बसली होतीस, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. म्हटलं, हिला आता बायबलवर हात ठेवून बापाला खोटं पाडायला लावणार हे. बाप्तिस्म्याला तुला माझ्या या हातांवर घेतलं होतं, पोरी. मी कशी देणार होते तुला?"

मागे कुदळ चालू होती.

"मला वाटलं, तू घाबरलीस," मी म्हटलं.

"डेल्फिनोला? त्याला मी शेंबडा असल्यापासून ओळखत होते." ती थोडी हसली. "अबेल दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. म्हणायचा, बापाला विकलंस तू. मोंड्रागोनांच्या पोरीसाठी."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? दर शनिवारी माझ्या घरावरून गाडी न्यायचीस. हात करायचीस. मी खिडकीत बसायची. म्हणायची, आज थांबेल. आज नाही तर पुढल्या शनिवारी." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगितलं. "कासिमिरोबद्दल कुणीतरी चुकलं म्हणावं एवढंच होतं माझं. इस्पितळाने म्हणावं, नाहीतर त्याने म्हणावं. कुणी नाही तर तू म्हणशील, असं वाटायचं."

"निना, माझं—"

"आता नको." तिने काचेवरचा माझा हात बाजूला केला, हळूच, टेबलावरचं भांडं सरकवावं तसा. "आता मला ते ठेवायला जागा नाही. जा, तो एकटाच आहे तिथे."

काच वर गेली.

मी परत आले तेव्हा अबेल गुडघाभर खाली गेला होता. गोठलेला थर फुटला होता, खाली लाल माती आणि दगड लागले होते. तो खणायचा, मग कुदळ टाकून फावडं घ्यायचा, माती वर फेकायचा, पुन्हा कुदळ. दोन माणसांचं काम होतं. दुसरं फावडं कुंपणाला टेकून उभं होतं. मी कोट काढून विस्तवाजवळ ठेवला आणि ते उचललं.

अबेल थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडीतून काही खूण आली नाही. तो खड्ड्याच्या एका टोकाला सरकला आणि मी उतरले.

एक वाजता खाली फावडी पुन्हा सुरू झाली. त्यांचा आवाज आणि आमचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मग मी ऐकायचं सोडून दिलं. तळहाताला फोड आले, फुटले. चारला रॉस काठाशी येऊन उभा राहिला. मग फोनवर कुणाला तरी म्हणाला, "नको पाठवू. हो, परत ने." तो निघून गेला.

साडेचारला टेकडीची सावली आमच्यावरून पुढे गेली. मी छातीपर्यंत खोल होते. तिथून गाडीची काच दिसत नव्हती. फक्त छप्पर, आणि मागे धुराची बारीक रेघ. इंजिन चालू होतं. थंडीसाठी असेल. ती गेली नव्हती.

"पायाकडची बाजू वाकडी होतेय," अबेल म्हणाला. "सरळ कर."

मी सरळ केली.